सहा नंबरचा दुसरा धनी

१

पत्ते एकूण सोळा होते.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ते नवीन पनवेलच्या ‘गद्रे डेटा सर्व्हिसेस’ला एका ओळीत दिले होते, शून्यापासून पंधरापर्यंत. शून्य हे त्या ओळीचंच नाव, तिथे कुणाला राहता येत नाही. पंधरा नंबर सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला. एक नंबरला इंटरनेट कंपनीचा राउटर, म्हणजे बाहेरच्या जगाचा दरवाजा. दोन नंबरला ऑफिसचा फायरवॉल, म्हणजे आतल्या जाळ्याचा पहारेकरी. तीन नंबर नव्या क्लाउडच्या राउटरने घेतलेला. चार, पाच आणि सहा तीन गिऱ्हाइकांना दिलेले. सातपासून चौदापर्यंतचे आठ रिकामे. हुदा मुकादमने बेरीज केली. सोळाच आली.

एकही पत्ता कमी नव्हता. आणि मालक चारुदत्त गद्रे सर मात्र सकाळपासून म्हणत होते, की एक पत्ता चोरीला गेलाय.

हुदा पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झालेली. पावसाळ्याच्या तोंडाला ती गद्रे सरांकडे लागली, तेव्हा क्लाउड म्हणजे काय हे तिला चहा पिता पिता ऑफिसातल्या थोरल्या सहकाऱ्याने, मिथुनने समजावलं होतं. आपली चार दांडगी मशीनं. त्यांच्या पोटात गिऱ्हाइकांसाठी हवी तेवढी छोटी मशीनं उभी करायची, जी डोळ्यांना दिसत नाहीत पण काम खऱ्यासारखं करतात. मात्र ती पोटातल्या पोटात बोलत बसली तर गिऱ्हाइकाला काय उपयोग? त्यांना बाहेर यायला रस्ता आणि दारावर नंबर लागतो. तो रस्ता म्हणजे एक्स्टर्नल नेटवर्क. गेले दोन महिने मिथुन तेच उभं करत होता.

सरांचा हट्ट होता की शुभारंभ दसऱ्यालाच करायचा. २०१४ साली दसरा शुक्रवारी आला आणि लगेच सोमवारी बकरी ईद. हुदा दसऱ्याच्या आदल्या दिवशीच आजोळी मुरुडला गेली, ती बुधवारी सकाळी कामावर परतली. तोवर इकडे सगळं बिनसलं होतं.

सहा नंबर द्रोणागिरीच्या फारूकसाहेबांना दिलेला. त्यांच्या गोदामाच्या फाटकावर येणारा प्रत्येक कंटेनर त्या पत्त्यावरच्या पानात नोंदवल्याशिवाय आत जात नसे. शुक्रवारी दुपारी पान छान उघडलं. शनिवारपासून मात्र मध्येच ते पान गायब व्हायचं आणि त्याच्या जागी एक कोरी चौकट यायची. नाव सांगा, पासवर्ड सांगा. फाटकावर बसणाऱ्या अदीबने बिचाऱ्याने तो भरूनही टाकला, एकदा नाही, चार-पाचदा.

“म्हणजे आपल्या पत्त्यावर कुणीतरी सापळा लावलाय,” गद्रे सर म्हणाले. “पासवर्ड गोळा करायला. आणि कुणी लावलाय तेही मला ठाऊक आहे.”

त्यांनी क्लाउडच्या नोंदी छापून आणल्या होत्या. शनिवारपासून सहा नंबरचा पत्ता फारूकसाहेबांच्या मशीनवरून वारंवार काढला गेला होता आणि वारंवार परत लावला गेला होता. प्रत्येक नोंदीपुढे नाव एकच होतं.

मिथुनचं.

२

मिथुन उरणजवळच्या करंजाचा. त्याच्या घराण्यात समुद्र सोडून नोकरीला लागलेला हा पहिलाच. आई गंगाबाई अजून उरणच्या बाजारात मासळी घेऊन बसते. एरवी ऑफिसात तो अगदी छापील मराठी बोले. मन हललं की मात्र त्याच्या बोलण्यातून करंजा डोकावायचं.

गद्रे सरांनी त्याला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. तोवर त्याने राजीनामा लिहून द्यायचा. नाहीतर सायबर पोलिसांकडे जाणाऱ्या तक्रारीत त्याचं नाव घालायचं. फारूकसाहेबांनाही संध्याकाळपर्यंतच थांबायचं होतं. सर्व्हरच्या खोलीला सरांनी सकाळीच कुलूप घातलं, पोलीस येईपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही म्हणून.

हुदाला सरांनी एवढीच मुभा दिली की तू त्या दिवशी इथे नव्हतीस, तुझ्यावर कुणाचा संशय नाही, तेव्हा काय विचारायचं ते विचार. पण खोलीत जायचं नाही.

मिथुन गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. समोर कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसत होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. हुदाने विचारलं, की नंबर काढला-लावला हे खरं ना. तो हो म्हणाला. मग कशासाठी?

“शनिवारी सकाळीच अदीबचा फोन आला, माझ्या मोबाइलवर,” मिथुन म्हणाला. “सरांनी आदल्या दिवशी पेढे वाटलेले. मुहूर्तावर चालू केलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बंद पडली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? वाटलं, गुपचूप नीट करू. नंबर काढला, परत लावला. चाललं. दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. पुन्हा काढला, पुन्हा लावला. दर वेळी चालायचं गं, आणि दर वेळी परत बिघडायचं.”

“आणि दसऱ्याच्या आधी?”

“दोन दिवस तपासलं होतं. रात्रभर चालू ठेवून बघितलं. एकदा पण चुकलं नाय.” त्याने मान फिरवली. “पोलिसात नाव गेलं ना हुदा, तर कुणी मला मशीनच्या जवळ पण उभा करणार नाय. आय म्हणेल, होडीच बरी होती.”

हुदाने समजुतीचे शब्द काढले नाहीत, कारण ते तिला कधी जमत नसत. तिने फक्त विचारलं, की परत लावल्यावर लगेच चालायचं की थोड्या वेळाने. मिथुन म्हणाला, त्याच क्षणी.

खाली येऊन तिने फारूकसाहेबांना फोन लावला. साहेब रागावलेले होते, पण आडनाव ऐकल्यावर आधी पनवेलच्या कुठल्या मुकादमांपैकी ही चौकशी झाली, मग ईदची मुबारकबाद झाली, आणि मग त्यांनी अदीबलाच फोनवर दिलं. अदीबला दोन गोष्टी पक्क्या आठवत होत्या. चौकटीत फसवणुकीच्या पानावर असते तसली सजावट काहीच नव्हती, ना कंपनीचं चिन्ह, ना रंग. दुसरी गोष्ट त्याने हसतच सांगितली. “आपा, ती चीज एकदम पुरानी वाटत होती. शाळेत असताना सायबर कॅफेत दिसायची ना, तशी.”

फोन साहेबांनी परत घेतला. “बेटा, माझी वीस गाड्यांची रांग रस्त्यावर उभी राहते. मला कुणाची नोकरी खायची नाही. पण मगरिबच्या नमाजापर्यंत, सूर्य बुडेपर्यंत मला सांगा की माझ्या दारात कोण येऊन बसलंय. भरोसा एकदा गेला तर मग गेलाच.”

हुदाने फोन ठेवला. दारात कोण बसलंय, हा प्रश्न तिला आवडला. कारण तो मोजता येण्यासारखा होता.

३

ऑफिसच्या फायरवॉलचा एक पाय आतल्या जाळ्यात आणि दुसरा बाहेरच्या तारेवर. हुदा आपल्या टेबलावरूनच त्याच्यात शिरली.

बाहेरच्या तारेवर पत्ता शोधायची रीत साधी आहे. पोस्टमन इमारतीच्या चौकात उभा राहून ओरडतो, “सहा नंबर कोण?” आणि ज्याचा नंबर सहा तो उत्तर देतो, “मी, आणि ही माझी खूण.” खूण म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक यंत्राला चिकटलेला एक लांबलचक आकडा. पोस्टमन ती खूण काही वेळ ध्यानात ठेवतो, मग विसरतो आणि पुन्हा ओरडतो.

हुदाने शंभर वेळा विचारलं, सहा नंबर कोण?

उत्तरं दोनशे आली.

तिने खुणा लावून पाहिल्या. शंभर उत्तरं एकाची, शंभर दुसऱ्याची. सहा नंबरला दोघे राहत होते, आणि दोघेही हाक मारल्याबरोबर ओ देत होते.

एवढ्यावरून मिथुनच्या साऱ्या शनिवार-रविवारचा उलगडा झाला. पत्ता नव्याने लावला की क्लाउडचा राउटर स्वतःहून ओरडून सांगतो, सहा नंबर मीच. दरवाजावरचा राउटर ते ऐकतो आणि दोन-तीन तास सगळं सुरळीत चालतं. मग तो विसरतो, पुन्हा विचारतो, आणि या वेळी दुसऱ्याचं उत्तर आधी पोचलं तर फारूकसाहेबांची गाडी चुकीच्या दारात. मिथुन पत्ता चोरत नव्हता. चोरीला गेलेला पत्ता तो दर वेळी परत मिळवत होता.

ती उत्साहाने सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. गद्रे सरांनी शांतपणे ऐकलं. पन्नाशीचा, नीटनेटका, मोजकं बोलणारा माणूस. उरण नाक्यावर चार संगणकांच्या सायबर कॅफेपासून त्यांनी हे सगळं उभं केलं होतं आणि त्यातली एकेक वीट त्यांना माहीत होती.

“ही हाक कुठवर ऐकू जाते?” त्यांनी विचारलं.

हुदा म्हणाली, त्या एका तारेपुरतीच. इंटरनेट कंपनीच्या राउटरच्या पलीकडे ती जात नाही.

“म्हणजे दुसरा जो कोणी आहे, तो जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला नाही. तो आपल्याच तारेवर आहे.”

“हो, सर.”

“आणि ती तार कुठे आहे?”

हुदाला आता कुठे समजलं की आपण काय करून बसलो. बाहेरची तार सर्व्हरच्या खोलीत भिंतीतून आत येत होती. तिथे एक छोटा स्विच, म्हणजे वायरी एकत्र जोडणारा खोका, त्यातून एक वायर फायरवॉलला आणि एक क्लाउडला. बस. ती तार खोलीबाहेर जातच नव्हती. खोलीच्या किल्ल्या तीन: एक सरांकडे, एक ऑफिस सांभाळणाऱ्या नीताताईंकडे आणि तिसरी मिथुनकडे.

“मी स्वतःच्या पत्त्यावर दरोडा घालणार नाही,” सर म्हणाले. “नीताला वायर कुठली हे सुद्धा कळत नाही. तू फार चांगलं काम केलंस हुदा.”

त्यांनी मिथुनला बोलावून घेतलं आणि हात पुढे केला. मिथुनने एकदा हुदाकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

४

नीताताईंनी दसऱ्याच्या दिवसाची हकीकत सकाळपासून दोघा-तिघांना सांगितली होती, आणि आता हुदालाही तीच सांगितली. सकाळी सगळे जमले, पूजा झाली, आपट्याची पानं वाटली, दुपारी शुभारंभ, पेढे, आणि सगळे घरी.

“खोलीत कोण कोण गेलं होतं, ताई?”

“अगं, पूजेला सगळेच गेले. पण कामासाठी म्हणशील तर कुणीच नाही. शनिवारी दुपारी एसीवाला आला होता, तो मी समोर उभी राहून परत पाठवला. कुठल्या मशीनला कुणी हात लावलेला नाही, हे मी कुणाच्याही समोर सांगेन.”

एसीवाला बाद झाला. अदीबचा पहिला फोन शनिवारी सकाळचा होता. हुदाने आणखी एक गोष्ट तपासली. त्या लांबलचक खुणेचा पहिला भाग बनवणाऱ्या कारखान्याचा असतो, आणि कारखान्यांची यादी कुणालाही बघता येते. दोहोंपैकी एक खूण क्लाउडने स्वतःच बनवलेली निघाली. तो फारूकसाहेबांचा खरा दरवाजा. दुसरीपुढे तैवानच्या एका कंपनीचं नाव आलं. ती कंपनी कधीच दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन गेली होती.

म्हणजे सहा नंबरचा दुसरा धनी आभासी नव्हता. तो पत्र्या-प्लॅस्टिकचा, हाताने उचलता येणारा खोका होता, आणि त्याला बरीच वर्षं झाली होती.

हे तिला कुठेतरी खटकलं. ज्याला चोरी करायची तो बाजारातला नवा, चपळ खोका आणेल. हा कोण चोर, जो पुराणवस्तू घेऊन दरोड्याला निघाला?

जेवायच्या सुट्टीत ती घरी निघाली. मोहल्ल्यात शिरण्याआधी मोहसीनचाचांचं दुचाकीचं गॅरेज लागतं. चाचांचा जुना मेकॅनिक काशिराम बाहेर एका स्कूटरचं चाक काढत बसला होता. गॅरेजातल्या गाड्यांच्या हँडलांना वाळलेले झेंडू अजून लोंबत होते. आत फळीवर तांबड्या कापडावर पाने-पक्कड, स्क्रूड्रायव्हर असं सगळं ओळीने मांडलेलं, त्यांवर हळदकुंकू. आणि सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, एक गंजलेला जॅक.

चाचांनी ईदीचं विचारलं, डब्यातला शीरखुर्मा पुढे केला. हुदाने जॅककडे बोट दाखवून विचारलं, की हा तर लहानपणापासून अडगळीत बघतेय, तो वर कसा आला?

“दसऱ्याला दर साली येतो,” चाचा म्हणाले. “काशिरामला विचार. पहिली गाडी त्यानेच उचलली होती म्हणे. मी म्हटलं, बाबा, तुझी पूजा, तुझं कायदेकानून. माझं काम हार आणायचं.”

काशिरामने मान वर केली नाही. “जुन्याचा मान आधी. आणि पूजेच्या वेळेला गाडी चालू पाहिजे. बंद गाडीला कुणी नमस्कार करतं काय? चाचा ओरडतात, पेट्रोल जळतं म्हणून.”

हुदाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

कुठल्या मशीनला कुणी हात लावलेला नाही, असं नीताताई म्हणाल्या होत्या आणि त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना प्रत्येकाने कामाबद्दल विचारलं होतं. पूजेत कुणी काय केलं, हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण पूजा हे काम नव्हे.

शीरखुर्मा तसाच टाकून ती रिक्षात बसली. रिक्षातूनच तिने नीताताईंना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला: पाटावर काय काय मांडलं होतं?

नीताताईंनी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वस्तूपाशी हुदाने डोळे मिटले.

५

सगळे सरांच्या खोलीत जमले तेव्हा मिथुन राजीनाम्याचा कागद घेऊनच आला होता. हुदाने त्याला तो घडी करून ठेवायला सांगितलं. थोरलीने धाकट्याला सांगावं तसं नव्हे, जरा अजिजीने.

“सर, मी बोलू?”

गद्रे सरांनी मान हलवली.

हुदा म्हणाली, की दुपारी मी चोर कुठे आहे ते शोधलं आणि तिथेच थांबले. चोर कधी आला आणि कसा आहे, हे बघितलंच नाही. तो दसऱ्याच्या आधी नव्हता, कारण मिथुनदादांच्या दोन दिवसांच्या तपासणीत एकदाही चूक झालेली नाही. शनिवारी सकाळी तो होता. मधल्या वेळात खोलीत एकच गोष्ट घडली, ती म्हणजे पूजा. आता तो कसा आहे, तर फार जुना. बनवणारी कंपनीसुद्धा राहिलेली नाही. अदीबलाही ती चौकट सायबर कॅफेच्या काळातली वाटली. असल्या खोक्याने कुणी चोरी करत नाही. असला खोका कुणी जवळ बाळगतं ते दुसऱ्याच कारणासाठी.

“कुठल्या?” सरांनी विचारलं.

“मान द्यायला.”

नीताताईंनी पदर सावरला आणि सरांकडे न बघता म्हणाल्या, “सर, मी हिला पाटावरच्या वस्तू सांगितल्या. वायर कापायची कात्री, टेस्टर, आणि… तुमचा तो पहिला राउटर. उरण नाक्यावरचा.”

गद्रे सर थोडे हसले. तो राउटर गेली दोन वर्षं कपाटात होता, ते म्हणाले. दर दसऱ्याला मीच काढतो. पण त्याच्यामागे एकही संगणक जोडलेला नाही. तो कुठेच जात नाही, कुणाला काही देत नाही. त्याचा आणि याचा काय संबंध?

“तो चालू आहे का, सर?” हुदाने विचारलं.

“चालू केला होता. दिवे लागलेले नसतील तर यंत्राची पूजा कसली?”

“नुसत्या विजेवर एकच दिवा लागतो. बाकीचे लुकलुकायला वायर लागते. ती कुठे जोडलीत?”

सर उत्तर द्यायला गेले आणि थांबले. त्यांचा उजवा हात टेबलावरून थोडा वर उठला, जणू हातात वायर आहे आणि तो जुन्या सवयीची जागा शोधतोय. राउटर कपाटात जाण्याआधी सहा वर्षं त्याच हाताने ती वायर एकाच ठिकाणी लावली होती: बाहेरच्या तारेच्या स्विचमध्ये.

“बाहेरच्या स्विचला,” ते हळू म्हणाले. “नेहमीसारखी.”

“तेव्हा आपल्याकडे हेच सोळा पत्ते होते ना, सर? या राउटरला त्यातला कुठला दिला होता?”

गद्रे सरांना ते आठवायला वेळ लागला नाही. पण सांगायला लागला.

“सहा,” ते म्हणाले.

फायरवॉल आला तेव्हा त्याला दोन नंबर मिळाला आणि सहा रिकामा झाला. रिकामा होता म्हणून मिथुनने तो क्लाउडच्या वाट्यात घेतला, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. राउटर मात्र कपाटात झोपलेला असतानाही आपला नंबर विसरला नव्हता. झेंडूखाली जाग आली, चौकातून हाक ऐकू आली, “सहा नंबर कोण?” आणि त्याने इमानदारीने ओ दिली. कुणी त्याच्या दारात आलं तर पूर्वीसारखीच विचारपूस केली: नाव सांगा, पासवर्ड सांगा. अदीबने भरलेले पासवर्ड साठवून ठेवायची त्याच्यात अक्कलही नव्हती. चुकीचे म्हणून तो सोडून देत होता.

“हे सगळं तू खोली न बघता सांगतेयस,” सर म्हणाले.

“हो. म्हणून आता बघायला हवी. मी चुकलेली असू शकते.”

गद्रे सर उठले. ड्रॉवरमधून दोन किल्ल्या काढल्या, आपली आणि मिथुनची. मिथुनची त्यांनी त्याच्याच हातात दिली.

“उघड,” ते म्हणाले.

६

खोली थंडगार होती आणि तिच्यात झेंडूचा शिळा वास कोंडला होता. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत पूजा हलवायची नाही, हा सरांच्या आईचा नियम. त्यामुळे रॅकच्या पायाशी पाट तसाच होता. पाटीवर काढलेली सरस्वती, कोमेजलेली आपट्याची पानं, कात्री, टेस्टर. हारांच्या ढिगातून हिरवा उजेड मध्येच चमकून जात होता.

हुदा आधी तिकडे गेली नाही. ती स्विचपाशी वाकली. तीन वायरी असायला हव्या होत्या: कंपनीकडून येणारी, फायरवॉलची, क्लाउडची. चार होत्या. चौथीवर बोट ठेवून ती खाली खाली येत गेली, आणि बोट झेंडूत शिरलं.

मिथुनने दोन्ही हातांनी हार बाजूला केला. पिवळा पडलेला, विटेएवढा खोका. कपाळावर कुंकवाचा ठिपका.

“हा तर आमच्याच घरातला माणूस,” मिथुन म्हणाला, आणि त्याला हसू आलं. आधी त्याला, मग नीताताईंना. गद्रे सर हसले नाहीत. ते पाटासमोर उकिडवे बसले होते.

“मी तुझ्याकडून किल्ली काढून घेतली,” ते मिथुनला म्हणाले. “आणि इथं ही वायर मी स्वतः लावलेली. पूजा झाल्यावर फोटोसुद्धा काढला. मला एकदासुद्धा आठवलं नाही.”

सरांनी त्याच्याकडे वर बघितलं. “तो कागद दे इकडे.”

राजीनाम्याचा कागद सरांनी चार तुकडे करून खिशात घातला. मग त्यांनी तिथूनच फारूकसाहेबांना फोन लावला आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाले, की तुमच्या दारात जो बसला होता तो माझा माणूस आहे, आणि त्याला तिथे मीच बसवला होता. साहेब पलीकडून बराच वेळ बोलत होते. सर ऐकत राहिले, दोनदा “बरोबर आहे तुमचं” म्हणाले. शेवटी त्यांनी फोन मिथुनपुढे केला. “ते म्हणतायत, पुढचं बोलणं तुझ्याशीच.”

मिथुनने फोन घेतला. अदीबने आपला पासवर्ड आजच बदलून टाकावा, त्यात धोका नाही पण मनाला बरं. सकाळी मी स्वतः द्रोणागिरीला येतो आणि फाटकावर बसून बघतो, असं तो सांगत होता. बोलता बोलता तो ताठ उभा राहिला होता. फारूकसाहेबांनी काय विचारलं कोण जाणे. मिथुन म्हणाला, “नाय साहेब, कुठं जात नाय. आमी इथंच हाव.”

गद्रे सरांनी राउटरच्या विजेच्या बटणाकडे हात नेला.

“सर, चालू राहू द्या,” मिथुनने फोन खाली घेत म्हटलं. “दिवाळीपर्यंत हलवायचा नाही ना? हारही असू द्या. वायर तेवढी काढा.”

सरांनी चौथी वायर काढली. हिरवा दिवा विझला, विजेचा तेवढा लाल तेवत राहिला. नीताताईंनी सुटलेला झेंडू उचलून परत पाटावर ठेवला.

हुदा टेबलाशी जाऊन बसली आणि तिने प्रश्न पाठवायला सुरुवात केली. मिथुन तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. गद्रे सरही आले.

प्रश्न शंभर. उत्तरं शंभर. उत्तर देणारा एक.